डोणीवरचा चमचा

प्रिय वेफी,

पावाच्या खोक्यात चिठ्ठीऐवजी हे जाडजूड पाकीट बघून तुझ्या कपाळाला आठी पडेल, हे मला इथं स्वयंपाकघरात बसून दिसतंय. तुझा बाप काही लिहिणारा माणूस नव्हे. "रस्ता बंद. कासियान." एवढंच माझं लेखन या गावानं वाचलंय, तेही फळीवर, आणि ते वाचूनसुद्धा निम्मे लोक फळीखालून वाकून जातातच. पण आज बसलोय लिहायला, आणि जरा लांबण लागणार आहे. एक विनंती आधी. तुला शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे. लहान असताना लांडगा मेला की नाही ते शेवटी बघून घ्यायचीस आणि मग निवांत पहिल्यापासून गोष्ट ऐकायला बसायचीस. आज तेवढं करू नकोस. तुझ्या हाताखालच्या झेन्झला पीठ मळायचं थांबवून चुलीपाशी बसव आणि तिच्यासमोर मोठ्यानं वाच. आईबद्दल शेवटी लिहिलंय. आधी बर्फाबद्दल.

तुझी कालची चिठ्ठी रिकाम्या दुधाच्या कॅनमधून मिळाली. ओल्या बर्फाच्या वजनानं टेलिफोनची तार तुटली तेव्हापासून आपलं सगळं बोलणं या दोरावरच्या खोक्यातूनच चाललंय. वर तुमच्या निवाऱ्यात पाव जातात, खाली तुझं अक्षर येतं. त्या खोक्यात माणूस मावत असता तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. तू लिहिलंस, "दारापुढची पाण्याची डोण कडक गोठलीय. चमचा पेलला. परवा उजाडायच्या आधी निघते, ऊन यायच्या आत सासूच्या उताराखालून पार होते, आईसोबत न्याहारी करते. तिला सांगा, मी आल्याशिवाय कुठं जायचं नाही." ते शेवटचं वाक्य मी तिला दोनदा वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, "कुठं जाणार मी? मोजे घालायचे तरी तुझ्या बापाला हाक मारावी लागते."

तुझं परवा म्हणजे आमचं उद्या. वेफी, उद्या येऊ नकोस. सांगायचं ते एवढंच आहे आणि ते फळीवरही मावलं असतं. पण तू हाडानं तुझ्या आईची. फळीला भीक घालणाऱ्यातली नव्हेस, कारण कळल्याशिवाय तुझा पाय मागे येत नाही. म्हणून कारणं लिहितो.

फ्योन सुटलाय हे तुला तिथं कळलंही नसेल. तुमचा निवारा त्या खळग्यात, तिन्ही बाजूंनी कडे, तिथं वाऱ्याला शिरायला वाट नाही. इथं खाली मात्र परवापासून दक्षिणेचा हा गरम वारा खिडक्या खडखडवतोय. सगळ्या गावाची डोकी दुखतायत आणि सगळं गाव भांडतंय. हियासमामानं काल करवत गिरणीत दोन गड्यांना हाकलून दिलं आणि संध्याकाळी दोघांच्या घरी जाऊन परत बोलावून आणलं. शेजारची मोइडल आईला बघायला आली आणि दारातच म्हणाली, "या वाऱ्यात आजारी माणसाला जपावं बाई, फ्योन माणसं घेऊन जातो." हियासमामानं तिला तिथल्या तिथं सुनावलं, "मग तुला कसा नेत नाही अजून? दरवर्षी दारात तर तूच उभी असतेस." आई उशीत तोंड खुपसून हसत होती. हसताना तिला धाप लागायची, तरी हसायची.

आणि तुझ्या चमच्याची गोष्ट. तो चमचा आईचा, तिच्या हातचा तुला मिळालेला, म्हणून त्याविषयी बोलताना मी जपून बोलतो. तीस वर्षं तिनं तो निवारा चालवला आणि तीस वर्षं मार्च उजाडला की पहाटे ती डोणीवर जायची, वरच्या बर्फावर सूपाचा मोठा चमचा उभ्यानं आपटायची आणि दारातून ओरडायची, "पेलला! चला, उठा!" पाहुणे अर्धवट झोपेत बूट चढवायचे. म्युनिकचे वकील, व्हिएन्नाचे डॉक्टर, सगळे तिच्या चमच्यावर जीव टाकून. चमचा बुडाला की ती म्हणायची, "आज पत्ते खेळा." आणि ते खेळायचे. मी रस्त्याच्या कामावर, खालून वर तापमापक घेऊन गेलो की म्हणायचो, "ओटिल, डोण खळग्यात आहे. थंड हवा पाण्यासारखी असते, खड्ड्यात साठते. डोण गोठली म्हणून सासू गोठली असं होत नाही." यावर ती सगळ्यांसमोर म्हणायची, "माझ्या चमच्यानं सूप तरी वाढता येतं. तुझ्या तापमापकानं काय वाढतोस?" लोक हसायचे आणि मी सूप प्यायचो.

खरं सांगायचं तर बहुतेक दिवस तिचं बरोबरच यायचं. आभाळ मोकळं असलं की रात्रभर सगळाच डोंगर थंड होतो. डोणही गोठते, उतारही गोठतो, चमचाही खरा आणि तापमापकही खरा. तेव्हा पहाटे निघावं, ऊन चढायच्या आत उतरावं, यात काही चूक नाही. फक्त या वाऱ्यात चमचा खोटं बोलतो. खळग्यात गारठा, डोणीवर बोटभर बर्फ, आणि वर उतारावर रात्रभर गरम वारा बर्फाला उकडत असतो. निवाऱ्याच्या दारात उभं राहिलेल्याला यातलं काहीच कळत नाही.

आता आज सकाळचं. आईनंच मला उठवलं. रात्री ती बसूनच होती, आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. म्हणाली, "जा, बघून ये." मी म्हटलं, "तुला सोडून कुठं जाऊ?" तर म्हणाली, "माझ्याकडे बघून बर्फ कळणार आहे का? मोइडल येईल, बसेल उशाशी, मला माझ्याच दुखण्याच्या गोष्टी सांगेल. तू जा. पोरगी निघायच्या आत बघून ये." मग हियासमामाला घेतलं आणि आम्ही दोघं गावासमोरच्या बाजूला चढलो, जुन्या कुरणाच्या वर. त्या उताराचं तोंड सासूचं आहे त्याच दिशेला आहे, पण चढ कमी, तिथं खणलं तर जीव जात नाही. आमच्या हिमलोट समितीचं काम असंच चालतं हे तुला माहीत आहे. पाच म्हातारे, दोन फावडी, आणि धोक्याच्या उताराचं दुखणं त्याच्या बिनधोक भावाला विचारायचं.

निघालो तेव्हा हियासमामाच्या मिशीवर दव गोठलं होतं. गावात चांगला गारठा होता, पायाखाली कुरकुर वाजत होतं. तो म्हणालासुद्धा, "अरे, सगळं कडक आहे की. तू उगीच मला उठवलंस." कुरणाच्या कुंपणापर्यंत पोचलो आणि मिशी वितळली. त्याच्या वर गेलो तर दोघांनीही कोट काढून कमरेला बांधले. उजाडलंही नव्हतं आणि अंगाला घाम. तिथं मी काठी उलटी धरली आणि मूठ खाली करून बर्फात ढकलली. वरचा पापुद्रा दुधावरच्या सायीएवढा. तो फुटला, आणि खाली काठी जोर न लावता गेली. गेली ती माझं कोपर बर्फाला टेकेपर्यंत गेली. हियासमामानं खांद्यावरचं फावडं काढून माझ्या हातात दिलं.

मग खणलं. वरचा सगळा थर ओला, मुठीत दाबला की बोटांतून पाणी. त्याच्या खाली जानेवारीतल्या त्या कोरड्या थंडीत झालेला सुटा थर, भरड साखरेसारखा, एका दाण्याचं दुसऱ्याशी नातं नसलेला. हिवाळाभर तो तसाच निजून होता, वरच्या ओझ्याखाली, कुणाला त्रास न देता. आता पाणी तिथवर पोचलंय. मी फावड्यानं ठोकलंही नाही, नुसतं पातं मागे टेकवलं, आणि वरचा अख्खा ठोकळा माझ्या गुडघ्यावर आला. उजेड झाल्यावर दुर्बिणीतून सासूकडे पाहिलं. तिच्या खांद्याखाली दोन भेगा पडल्यात, तोंड उघडलेल्या माशासारख्या, आणि आत मागच्या वर्षीचं पिवळं गवत दिसतंय. बर्फ गवतावरून सरकायला लागलाय. खालच्या बाजूला गोळे घरंगळल्याच्या रेघा आहेत, त्याही अंधारात पडलेल्या, कारण ऊन अजून आलंच नव्हतं. वेफी, ऊन यायच्या आत पार होते म्हणतेस, पण ती उन्हाची वाट बघत नाहीये. तिनं रात्रीच आवराआवर सुरू केलीय.

तू म्हणशील, वाट सासूखाली आहे ती दोनशे पावलं, स्कीवरून किती वेळ लागतो, श्वास रोखला तर पार. हे मी हजार लोकांच्या तोंडून ऐकलंय. आणि ऐकून घे, तुझी आईही एकदा तशीच निघाली होती. तू शाळेत होतीस, तुला गोवर निघाला होता, तिला वर निरोप गेला. तेव्हाही असाच वारा. तिनं चमचा आपटला, पेलला, निघाली. मी खाली वळणावर उभा होतो. ओला हिमलोट धुरळा उडवत येत नाही, तो कण्हत येतो, जड गाडी वाळूतून ओढल्यासारखा. तो आवाज मी तिथूनच ऐकला. थोड्या वेळानं ती वळणावर दिसली. एक हातमोजा नाही, एक काठी नाही, चेहरा पांढराफटक. मला म्हणाली, "बघत काय उभा राहिलास? पोरीला दूध दिलंस का?" त्यानंतर त्याविषयी एक अक्षर नाही, ना मला ना कुणाला. मागे वळून बघितलं तेव्हा वाटेवर घराएवढी ढेकळं पडली होती.

पुढच्या वसंतात मी वर आलो, तर निवाऱ्यामागे, जिथं खळगा संपून वारा लागतो त्या कडेला, बर्फात भोकांची रांग. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "घुशी असतील डोंगरातल्या." मी म्हटलं, "घुशी सरळ रेषेत बिळं करतात?" तर म्हणाली, "आमच्या करतात." दर वर्षी ती भोकं असायची. दर वर्षी डोणीवर चमचाही आपटायची, तसाच ओरडून. मी पुन्हा विचारलं नाही. काही गोष्टी नवराबायकोनं एकमेकांना जिंकू द्यायच्या असतात.

आज कुरणावरून परत आलो, बूट न काढताच तिच्या खोलीत गेलो. मोइडलला बाहेर पाठवलं. तिनं विचारलं, "किती गेली?" मी कोपर दाखवलं. तिनं माझ्या कोपरावरचा ओला बर्फ झटकला. मग म्हणाली, "कासियान, त्या घुशी नव्हत्या." मी म्हटलं, "मला ठाऊक होतं." ती म्हणाली, "तुला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. पण पोरीला नाही ना ठाऊक. तिला चमचाच खरा वाटतो. मी तिच्या हातात चमचा दिला आणि काठीचं सांगायचं राहून गेलं." मग डोळे मिटून म्हणाली, "चमचा पाहुण्यांसाठी होता रे. लोकांना काठीचा कंटाळा येतो, चमच्यानं उठतात. आणि तुझ्याशी भांडायला काहीतरी लागायचं. तिला सांग, चमच्याचं ऐकू नको म्हणावं. मी सांगितलंय म्हणून सांग, तू सांगितलंस तर ऐकायची नाही." हे तिचे शब्द आहेत, मी एकही इकडचा तिकडे केलेला नाही. तेव्हा आत्ता, हे पान इथं खाली ठेव, झेन्झलाही घेऊन त्या कडेला जा, काठी उलटी धर आणि ढकल. किती आत गेली ते स्वतः बघ. मग परत ये आणि पुढचं वाच. मला तुझ्यावर विश्वास आहे, पण बर्फाच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेव असं मी कुणालाच कधी म्हटलेलं नाही. हात घालून बघावं.

बघितलंस? आता पुढे.

दुपारी समिती आमच्याच स्वयंपाकघरात बसली. फार बोलायचं नव्हतंच. सासूखालची वाट बंद केली आणि हियासमामा स्वतः जाऊन वळणावर फळी लावून आला. पण ती फळी वाटेच्या खालच्या टोकाला. वरच्या टोकाला फळी लावायची तर आधी सासूखालून जावं लागेल. वरून येणारी तू एकटी. बाकीचे पाहुणे गेल्या आठवड्यातच उतरलेत, ही देवाची कृपा. म्हणजे आज या अख्ख्या डोंगरात एकच माणूस आहे ज्याच्यासाठी रस्ता बंद करायचाय, आणि त्याच्यापर्यंत पोचायला माझ्याकडे पावाचं खोकं आहे. हे पत्र म्हणजे वरच्या टोकाची फळी समज.

हियासमामाचं म्हणणं वेगळं होतं. तो म्हणाला, "एवढं पुराण कशाला लिहितोस? लिही की ताईला बरं वाटतंय, सूप प्याली, बसलीय उठून. पोरगी निवांत राहील, चार दिवसांनी येईल. एकदा खोटं लिहिलंस तर हात झडणार नाही तुझा." सगळे माझ्याकडे बघत होते. त्याचं चुकत होतं असंही नाही. तो तुझ्या मायेनंच बोलत होता. मी टाक हातात धरला आणि मला ते वाक्य लिहिता येईना. मी आयुष्यात एकच गोष्ट नीट केलीय. जे पाहिलं ते लिहिलं. पापुद्रा सायीएवढा असेल तर सायीएवढा लिहिला, हॉटेलवाल्यांनी कितीही डोळे वटारले तरी. आज तुला एक खोटं लिहिलं, तर उद्या मी लिहिलेल्या बर्फावर तू का विश्वास ठेवावास? मी म्हटलं, "हियास, तिला खरं कळलं तर ती थांबेल." तो म्हणाला, "आणि नाही थांबली तर?" मी कागद पुढं ओढला.

तुझ्या आईला वाट बघणं कधी जमलं नाही, हे तुला मी काय सांगणार. सूप गार होईपर्यंत थांबायची नाही, जन्मभर जीभ पोळलेली. आमच्या लग्नात माझ्या आधी चर्चमध्ये जाऊन बसली आणि मी आलो तेव्हा पाद्रीबाबांना म्हणाली, "आला एकदाचा, उरका आता." तिच्या माहेरी, वरच्या वाडीत, थांबणं फक्त तिच्या आजीला जमलं. ती म्हातारी डिसेंबरात गेली आणि वाट बर्फानं बुजलेली, म्हणून त्या काळच्या रिवाजाप्रमाणं तिला पांढऱ्या कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलं, एप्रिलात वाट खुलून खाली दफनभूमीत आणेपर्यंत. तुझी आई तेव्हा पाच-सहा वर्षांची. रोज झोपताना जिन्याखालून ओरडायची, "आजी, शुभ रात्री!" घाबरायची नाही. ही गोष्ट ती तुला किती वेळा सांगायची, आणि तू पांघरुणात शिरून किती किंचाळायचीस. आणि लाल कांबळं आठवतं का तुला? ती वर, मी खाली, टेलिफोन आला नव्हता तेव्हा. तिनं सकाळी निवाऱ्याच्या कठड्यावर लाल कांबळं टाकलं की समजायचं, आज वाट धड नाही, मी खाली येत नाही, तुम्ही जेवून घ्या. मी रोज सकाळी दुर्बीण लावायचो. कांबळं दिसलं की तुला वाईट वाटायचं, तू हातपाय आपटून रडायचीस. मला मात्र, खरं सांगतो, इतकं हायसं वाटायचं की मी तुला तेवढ्यात एक जास्तीचा पाव लोण्याबरोबर द्यायचो. तू त्याला लाच म्हणायचीस.

तर आता शेवट, जो तू आधी वाचला नाहीस अशी आशा आहे. वेफी, माझ्या पोरी, आई आज सकाळी गेली. घुशींचं बोलून झाल्यावर तिनं पाणी मागितलं. मी आणलं. मी म्हटलं, "तुला पोरगी हवीय ना, मी बोलावतो कशीही." ती म्हणाली, "मी थांबते. आजीला जमलं, मला का नाही जमणार? वाट धड झाली की आण तिला. तोवर मी कुठंही जात नाही." त्यानंतर थोड्या वेळानं ती माझ्या हातात हात ठेवून गेली. शांत गेली, आणि मी तिच्याजवळ होतो. तू उद्या धावत येणार होतीस ती तिचा श्वास गाठायला. तो आता नाही, आणि कितीही लवकर आलीस तरी तो तुला मिळणार नाही. हे लिहिताना मला फार जड जातंय, पण तुला घाई करायला आता कारण उरलेलं नाही, आणि हीच एक गोष्ट आहे जिच्या जोरावर मी तुला थांबवू शकतो. आम्ही तिला मातीत देणार नाही. चर्चखालच्या दगडी तळघरात ठेवतोय, हियासमामा उत्तरेच्या भिंतीकडचा बर्फ पोत्यांत भरून तिच्याभोवती लावतोय, दर पोत्यागणिक रडतोय आणि दर पोत्यागणिक वाऱ्याला शिव्या देतोय. वारा पडला, आभाळ मोकळं झालं आणि एक रात्र खरी गोठली, की मी स्वतः तुला घ्यायला सासूखालून येईन. मृत्यूची घंटा आज वाजली नाही. मी घंटेवाल्याला हात जोडून थांबवलं, कारण ती घंटा तुमच्या खळग्यात ऐकू जाते आणि तू ती एकटी उभी राहून ऐकावीस हे मला नको होतं. सारं गाव विचारतंय, ओटिलची घंटा का नाही. उद्या उजाडताच मी दुर्बीण घेऊन वळणावर उभा असेन. कठड्यावर लाल कांबळं टाक. ते दिसलं की घंटा वाजवायला सांगतो, आणि तू व झेन्झ दारात उभ्या राहून ऐका. कांबळं दिसेपर्यंत घंटा वाजणार नाही. तुझी आई, जिला आयुष्यभर सूप गार व्हायची वाट बघता आली नाही, ती तुझी वाट बघत थांबलीय. तिला तेवढं एकदा करू दे.

रस्ता बंद.

तुझाच,
बाबा